हायब्रिड गाडी चार्जिंगला कुठं लावायची?

जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने छत्रपती संभाजीनगरला कारखाना काढण्यासाठी राज्य सरकारबरोबर सामंजस्य करार केला. तेव्हापासून हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी, हा शब्द आपल्याकडे चहाच्या टपरीवरही कानावर पडतो आणि त्याच्यामागोमाग एक प्रश्न हमखास येतो: "रात्री किती तास चार्जिंगला लावावी लागते?" उत्तर सरळ आहे. हायरायडर, ग्रँड विटारा, इनोव्हा हायक्रॉस किंवा होंडा सिटीची हायब्रिड, यातल्या कुठल्याच गाडीला चार्जिंगचं तोंडच नाही. या गाडीत वीज तयार होते ती पेट्रोल जाळून, किंवा गाडीचा वेग मोडताना. बाहेरून एक युनिटही येत नाही. म्हणून "फुकटच्या विजेवर चालते" हेही खोटं. सगळी वीज शेवटी पेट्रोलमधूनच येते. एरवी ब्रेकच्या उष्णतेत वाया गेली असती ती थोडी परत मिळते आणि इंजिन त्याला सोयीच्या गतीला चालवता येतं, एवढाच या गाडीचा फायदा. एवढाच, पण शहरात तो खरोखर मोठा.

स्मार्ट हायब्रिड किंवा माइल्ड हायब्रिड नावाने विकतात तो प्रकार वेगळा. त्यात पट्ट्यावर फिरणारी छोटी मोटर इंजिनाला थोडा हातभार लावते, एकट्याने गाडी ओढत नाही. खऱ्या अर्थाने प्लग लावायच्या हायब्रिड भारतात मोजक्याच आणि महागड्या आहेत. ती कुणाकडे असेलच तर घरी १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट आणि चांगलं अर्थिंग हवं. आपल्याकडच्या मुरमाड जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, चार्जरला अर्थ सापडत नाही आणि तो लाल दिवा दाखवून थांबतो. अशा वेळी चार्जरला दोष देण्याआधी खड्ड्यात पाणी घालावं आणि वायरमनकडून अर्थिंग मोजून घ्यावं. या लेखात पुढे सगळं स्ट्राँग हायब्रिडबद्दल आहे, म्हणजे सुरुवातीला नावं घेतली त्या बिनप्लगच्या, पण थोडं अंतर नुसत्या मोटरवरही चालणाऱ्या गाड्यांबद्दल.

डॅशबोर्डवर पहिली गोष्ट बघायची ती 'रेडी' हा हिरवा दिवा. इंजिनाचा आवाज नाही म्हणजे गाडी बंद, ही सवय इथे मोडावी लागते. ब्रेक दाबून पॉवर बटण दाबलं आणि रेडी लागलं की गाडी चालू. इंजिन गप्प असलं तरी पायाखालचं पेडल दाबताच ती निघेल. ब्रेक न दाबता बटण दाबलं तर नुसता डॅशबोर्ड उजळतो, रेडिओ लागतो, पण मोटरला वीज देणारी मोठी बॅटरी जोडली जात नाही. रेडी दिसत असताना बॉनेट उघडून हात घालू नये, इंजिन न सांगता सुरू होतं. बंद शेडमध्ये रेडी ठेवून एसी लावून झोपणं तर जिवावर बेतू शकतं. बॅटरी उतरली की इंजिन आपोआप पेटतं आणि त्याचा धूर, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, शेडमध्ये कोंडतो. हा वायू ना दिसतो, ना त्याला वास.

इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या काट्याच्या जागी इथे बहुधा तीन भागांचा काटा असतो: चार्ज, इको, पॉवर. काटा इकोत असेल तर गाडी काटकसरीत चालली आहे, पॉवरमध्ये गेला की पेट्रोल मोकळ्या हाताने जातंय. सगळ्यात कामाचा भाग चार्जचा. पाय उचलला किंवा ब्रेक हलका दाबला की काटा तिकडे जातो, म्हणजे चाकं मोटरला फिरवतात आणि मोटर जनरेटर होऊन बॅटरी भरते. काटा चार्जच्या तळाला टेकल्यावर ब्रेक आणखी दाबला, तर वरची सगळी ताकद नेहमीच्या ब्रेक पॅडवर पडते आणि उष्णता होऊन जाते. म्हणून सिग्नल लांबून दिसला की लवकर आणि हलका ब्रेक धरावा, काटा तळाला टेकू देऊ नये. अगदी शेवटी, गाडी माणसाच्या चालीवर आली की मोटरची पकड सुटते आणि थांबवण्याचं काम पॅडच करतात.

आता बॅटरीच्या पट्ट्या. बऱ्याच गाड्यांत त्या आठ असतात. त्या कधीच पूर्ण भरत नाहीत, कधीच पूर्ण रिकाम्या होत नाहीत, आणि मालकाला वाटतं बॅटरी खराब निघाली. तसं नसतं. बॅटरीचं आयुष्य वाढावं म्हणून गाडीचा संगणक तिला साधारण ४० ते ८० टक्क्यांच्या मधेच वापरतो आणि पट्ट्या फक्त तेवढाच मधला भाग दाखवतात. शिवाय ही बॅटरी मुळातच लहान. हायरायडर आणि ग्रँड विटाराच्या स्ट्राँग हायब्रिडमधली लिथियम बॅटरी १७७.६ व्होल्टची आहे, पण तिच्यात मावते फक्त ०.७६ युनिट वीज. घरच्या इन्व्हर्टरच्या १५० अँपिअर-अवर बॅटरीत १.८ युनिट मावते, म्हणजे दुपटीहून जास्त. ०.७६ मधला वापरायचा भाग ४० टक्के धरला तर हातात उरते ०.३ युनिट आणि एका पट्टीच्या वाट्याला ०.०४ युनिटच्या आत-बाहेर.

हे आकडे लक्षात ठेवले की डॅशबोर्डवरचं बरंच काही उलगडतं. माणसांसकट १६०० किलोची गाडी ताशी ६० किलोमीटरने धावते तेव्हा तिच्या गतीत ०.०६ युनिट ऊर्जा असते. हळूवार थांबलं तर त्यातली ०.०४ च्या आसपास परत येते, म्हणजे एक चांगला थांबा, एक पट्टी. फक्त विजेवर चालायचं बटण दाबलं तर सपाट रस्त्यावर हळू चालवून दोनेक किलोमीटर मिळतात, मग इंजिन येतंच. आणि समृद्धीवर ताशी १२० ने जालना ते नागपूर गेलं तर ब्रेकच फारसा लागत नाही, मग परत काय मिळणार? तिथे हवेचा विरोध सगळं खातो. लिटरला २७.९७ किलोमीटरचा कागदावरचा आकडा चाचणीच्या खोलीतला आहे. त्यावर भाळून फक्त हायवेसाठी हायब्रिड घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

खरी गंमत घाटात आहे. कन्नडहून चाळीसगावकडे औट्रम घाट उतरताना, किंवा मांजरसुंब्याच्या घाटात, गाडी न्यूट्रल करून सोडायची सवय आपल्याकडे जुनी आहे. साध्या गाडीतही ती धोक्याची आहे, आणि इंजेक्शनच्या इंजिनात तिने पेट्रोलही वाचत नाही. हायब्रिडमध्ये तर ती सरळ नुकसान करते, कारण न्यूट्रलला चार्जिंग पूर्ण बंद होतं. का, ते समजून घेण्यासारखं आहे.

टोयोटा पद्धतीत इंजिन, जनरेटर आणि चाकाची मोटर तीन गटांच्या दंतचक्राने कायमची जोडलेली असतात. मधे सूर्यचक्र, त्याभोवती फिरणारी ग्रहचक्रं, बाहेर कडं. सूर्यचक्राला जनरेटर, ग्रहचक्रांच्या चौकटीला इंजिन, कड्याला मोटर आणि चाकं. प्रियसच्या सुरुवातीच्या पिढ्यांत दात होते सूर्याला ३० आणि कड्याला ७८. त्यावरून नियम निघतो: इंजिनाचे फेरे गुणिले १०८ बरोबर जनरेटरचे फेरे गुणिले ३० अधिक मोटरचे फेरे गुणिले ७८. गाडी उभी आहे, म्हणजे मोटर शून्य. इंजिन मिनिटाला १००० फेऱ्यांवर असेल तर जनरेटर ३६०० वर फिरतोच, दुसरा मार्ग नाही. पण नुसता फिरला म्हणून वीज निघत नाही. वीज काढायला त्याने विरोध करायला हवा, आणि तो विरोध गाडीतल्या इन्व्हर्टरमधल्या (बॅटरी आणि मोटर यांच्यामधला वीज बदलणारा भाग) ट्रान्झिस्टरची, म्हणजे विजेच्या बटणांची, उघडझाप करते. न्यूट्रल टाकलं की संगणक ती उघडझापच थांबवतो. दात जुळलेले राहतात, सगळं फिरतं, पण कुणीच कुणाला अडवत नाही. त्यामुळे चाकाकडूनही वीज नाही आणि इंजिनाकडूनही नाही. रेल्वे फाटकावर न्यूट्रल टाकून एसी लावून बसलं तर पट्ट्या उतरतच जातात आणि इंजिन चालू असलं तरी भरत नाहीत. तिथे पार्किंगचा 'पी' टाकावा, त्यात चार्जिंग होतं. होंडाची रचना निराळी आहे, तिच्यात हे दंतचक्र नाही, पण घाटात न्यूट्रल टाकायचं नाही हे तिथेही तितकंच खरं.

आता गिअर 'डी' मध्ये ठेवून घाट उतरू. ३०० मीटर उंची उतरायची आहे असं धरा. १६०० गुणिले ९.८ गुणिले ३०० म्हणजे सुमारे ४७ लाख जूल, म्हणजे १.३ युनिट. त्यातलं टायर आणि हवा खातील ते आणि बॅटरीत जाईपर्यंतची गळती वजा करूनही अर्ध्या युनिटाहून जास्त उरतं. जागा मात्र आहे ०.३ युनिटची, आणि वर पोचताना चार पट्ट्या असतील तर ०.१५ ची. म्हणजे घाटाच्या पहिल्या टप्प्यातच बॅटरी भरते. मग अचानक इंजिन घुमायला लागतं, पाय तर ॲक्सिलरेटरवर नसतो, आणि माणूस घाबरून गाडी बाजूला घेतो. बिघाड नसतो. चाकाची मोटर वेग अडवायला वीज बनवतेच आहे, ती ठेवायला जागा नाही, म्हणून संगणक ती जनरेटरला देऊन त्याची मोटर करतो आणि इंजिन पेट्रोलशिवाय फिरवतो. इंजिनात हवा ओढण्या-दाबण्यात ती ऊर्जा खर्च होते. त्याच वेळी त्या क्षणाच्या ॲव्हरेजचा आकडा बघा, तो वरच्या टोकाला भिडलेला असतो, कारण पेट्रोल बंद आहे.

लांब उतार समोर दिसत असेल तर सुरुवातीलाच गिअरचा 'बी' टाकावा. टोयोटा पद्धतीत 'बी' ने बॅटरी जास्त भरते हा समज चुकीचा आहे. त्यात इंजिनाकडून अडवणूक लवकर आणि जास्त होते, ब्रेक पॅड थंड राहतात. सपाट रस्त्यावर 'बी' ठेवून चालवलं तर परत मिळणारी ऊर्जा इंजिनात वाया जाते.

बारा व्होल्टची गोष्ट वेगळी आहे आणि गाड्या बंद पडतात त्या बहुतेक इथेच. मोठ्या बॅटरीशिवाय गाडीत एक साधी १२ व्होल्टची बॅटरी असते, कुठे बॉनेटखाली, कुठे मागे डिकीत. ती सेल मारत नाही, ते काम मोठ्या बॅटरीवरचा जनरेटर करतो. पण संगणक जागा करणं आणि मोठी बॅटरी जोडणारे रिले ओढणं हे तिचं काम. ती उतरली की मोठ्या बॅटरीत सहा पट्ट्या असूनही रेडी लागत नाही, आणि धक्का मारून ही गाडी सुरू होत नाही. हिला अल्टरनेटर नाही. मोठ्या बॅटरीतून कन्व्हर्टरमार्फत (जास्त व्होल्ट उतरवून देणारा भाग) ती भरते, आणि तेही फक्त रेडीत. रेडी न लावता दोन तास गाणी आणि मोबाइल चार्जिंग म्हणजे हिच्यावर भार. मल्टिमीटर लावून बघावं: गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ व्होल्ट चांगली, १२.२ अर्धी, १२ च्या खाली धोक्याची. रेडीत १४ च्या आसपास दिसलं तर कन्व्हर्टर भरतोय.

उतरलीच तर दुसऱ्या गाडीवरून जंपर घेता येतो. आधी लाल वायर आपल्या अधिक टोकाला, मग मदतीच्या बॅटरीच्या अधिकला. काळी तिच्या उणेला आणि शेवटचं टोक आपल्या गाडीच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. काही मिनिटं थांबावं, मग ब्रेक दाबून रेडी लावावं. टोकं उलटी लागली तर महागडे भाग जळतात. उलट बाजूने, कुणी "दादा, बोलेरोला जरा करंट द्या" म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणावं. डिझेलचं सेल शेकडो अँपिअर ओढतं, हायब्रिडचा कन्व्हर्टर आणि मुख्य फ्यूज त्यासाठी नाहीत.

लाइट गेली की गाडीवर घर चालवता येईल का, हाही नेहमीचा प्रश्न. जपानमध्ये अनेक हायब्रिडमध्ये १०० व्होल्ट, १५०० वॅटचा प्लग येतो. आपल्याकडच्या गाड्यांत सहसा १२ व्होल्टचं सॉकेट आणि यूएसबी असतं. त्या सॉकेटची मर्यादा बहुधा १० अँपिअर, म्हणजे १२० वॅट. ६५ वॅटचा लॅपटॉप, दोन मोबाइल, एखादा एलईडी दिवा ठीक. टायरमध्ये हवा भरायचा पंप काठावर चालतो, तो एकटाच लावावा. मिक्सर ५०० वॅटच्या पुढे, इस्त्री हजाराला, एक हॉर्सपॉवरची मोटर चालू होताना त्याच्या कितीतरी पट ओढते. बाजारातला इन्व्हर्टर कितीही वॅटचा घेतला तरी सॉकेटमागची वायर तीच राहते. फ्यूज उडाला तर त्या खणावर लिहिलेल्याच अँपिअरचा टाकावा. घरच्यासारखी तार बांधली तर पुढच्या वेळी डॅशबोर्डमागची वायर वितळते. त्याच सॉकेटमध्ये खोचायची 'पेट्रोल बचत' करणारी डबी ऑनलाइन मिळते. उघडली तर एखादा दिवा आणि कपॅसिटर. इंजिनात किती पेट्रोल जायचं हे संगणक ठरवतो, या डबीचा त्याच्याशी काही संबंध नाही. ते पैसे टायरमधली हवा तपासण्यात घालावेत.

मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा ४२-४३ ला जातो तेव्हा मोठी बॅटरीही तापते. बऱ्याच गाड्यांत तिला केबिनचीच हवा लागते, मागच्या सीटच्या खाली किंवा बाजूला असलेल्या जाळीतून. त्या जाळीसमोर पोतं, चादर, बॅगा ठेवल्या किंवा आतल्या फिल्टरवर धूळ आणि कापसाचा तूस बसला की पंखा घरघरतो, चार्जचा काटा लवकर अडतो, विजेवर चालायचं बटण नकार देतं आणि डॅशबोर्डवर बॅटरी कूलिंगचा संदेश येतो. उन्हात तापलेली गाडी घेताना आधी काचा उघडून गरम हवा जाऊ द्यावी, मग एसी. जाळी दर सर्व्हिसला काढून फिल्टर व्हॅक्यूमने साफ करून घ्यावा, कच्च्या रस्त्यावर रोज चालणाऱ्या गाडीचा त्याच्याही आधी. कॉम्प्रेसरची हवा आत फुंकू नये, धूळ सगळी सेलमध्ये जाते. साफ करूनही संदेश गेला नाही तर गाडी सर्व्हिस सेंटरला न्यावी, आणि नारिंगी आवरणाच्या वायरी दिसतील तिथे गावातल्या मेकॅनिकला हात लावू देऊ नये.