हलका गेमिंग माउस : बांधणीची पारख

हलक्या गेमिंग माउसची पक्की व्याख्या नाही; सत्तर ग्रॅमच्या आसपास किंवा त्याखाली वजन असले की तो या वर्गात धरतात. जाळीदार पाठीच्या माउसमुळे हा प्रकार लोकप्रिय झाला. २०१९ चा ग्लोरियस मॉडेल ओ ६७ ग्रॅमचा होता. २०२० मध्ये लॉजिटेकने जी प्रो एक्स सुपरलाइट हा ६३ ग्रॅमच्या आतला वायरलेस माउस एकही भोक न पाडता आणला.

पारख करताना वजनाच्या आकड्यापेक्षा ते कुठून घटवले हे महत्त्वाचे. कवच पातळ करून आतून बरगड्या दिल्या असतील तर उत्तम. नुसतेच पातळ केले असेल तर लगेच कळते. अंगठा आणि अनामिकेत माउस धरून बाजू दाबाव्यात. भिंत आत जाऊन बाजूचे बटण आपोआप दबले, तर तो माउस परत करावा. थोडा पिळल्यावर करकर ऐकू येते का, तळ बॅटरीखाली दबतो का, मुख्य बटणे आडवी हलतात का, हेही बघावे. कानाशी हलवल्यावर चाकाचा हलकासा खुळखुळाट चालतो. आत काही सुटे वाजत असेल तर नाही. सेन्सरच्या रेषेत दोन बोटांनी उचलल्यावर शेपूट खाली गेली, तर बॅटरी फार मागे बसवलेली असते.

सांगली जिल्ह्यात वजनाची शहानिशा सोपी आहे. खानापूर-आटपाडी भागातली अनेक कुटुंबे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, धंद्यात असल्याने बारीक तोलणारा काटा ओळखीत कुठेतरी सापडतोच. मात्र कंपनीच्या आकड्यात बहुधा केबल आणि डोंगल (वायरलेस माउससाठी संगणकाला लावायचा छोटा रिसीव्हर) धरलेले नसतात, हे ध्यानात ठेवून तोलावे.

एप्रिल-मेच्या घामात चकचकीत पृष्ठभाग निसटतो. खरखरीत लेप बरा. ग्रिप टेप लावता येते, पण तिचेही एखाद-दोन ग्रॅम मोजावे लागतात. जाळीदार पाठीतून धूळ आत जाते आणि हळदीच्या अडतीजवळ राहणाऱ्याने पांढरा रंग घेऊच नये.

बटणांखालचे धातूच्या स्पर्शावर चालणारे स्विच झिजले की एका दाबाला दोन क्लिक नोंदवू लागतात. प्रकाशावर चालणाऱ्यांत ही तक्रार नसते. स्विच बदलायला माउस उघडावा लागतो आणि त्याचे स्क्रू पुष्कळदा तळाच्या टेफ्लॉन पट्ट्यांखाली असतात. त्या पट्ट्या काढताना वाकतात, म्हणून त्यांचा जादा संच मिळतो का, हे खरेदीआधीच पाहावे.