छडी खाली येते, जाब वर जात नाही: कोकणातल्या शाळा-कॉलेजांतल्या शिक्षेची पार्श्वभूमी

नोव्हेंबर २०२५ मध्ये वसईतल्या एका शाळेत उशिरा आलेल्या मुलांना उठाबशा काढायला लावल्या आणि त्यातली एक विद्यार्थिनी काही दिवसांतच दगावली. शिक्षेमुळेच मृत्यू झाला असा आरोप घरच्यांनी केला, शिक्षिकेवर गुन्हा नोंदवला गेला. पुढचे काही दिवस जो तो विचारत होता, शाळेत मारायला बंदी आहे ना? आहे, आणि १ एप्रिल २०१० पासून आहे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेला मनाई करतं आणि मानसिक छळालाही. तरीही कोंबडा करणं, अंगठे धरायला लावणं, वर्गाबाहेर ओणवं उभं करणं म्हणजे काही 'मारणं' नव्हे, ही समजूत शिक्षकांतच काय, पालकांतही घट्ट आहे. "मास्तर, दोन रट्टे द्या, पण सरळ करा" हे वाक्य ऐकलं नाही असा प्राथमिक शिक्षक कोकणात शोधून सापडायचा नाही.

ही समजूत पंतोजींच्या काळापासून चालत आलेली आहे. 'छडी लागे छमछम, विद्या येई घमघम' हे तेव्हाचं सगळं शैक्षणिक तत्त्वज्ञान. देवळाच्या ओसरीवर नाहीतर कुणाच्या पडवीत शाळा भरायची, धूळपाटीवर अक्षरं गिरवायची, आणि चुकलं की फोक. पंतोजींना पगार सरकारचा नसे. पोरांच्या घरून येणारं धान्य आणि सणावाराचा शिधा, यावर त्यांचं चाले. त्यामुळे जाब विचारणारंही गावच असे. शिकवणं पटलं नाही तर पोरं यायची बंद आणि शिधाही बंद. मारलं म्हणून मात्र कुणी शिधा बंद केल्याचं फारसं कानावर येत नाही.

हा गावातल्या गावात मिटणारा हिशेब १८५४ च्या वुडच्या खलित्यानं, म्हणजे कंपनी सरकारच्या शिक्षणविषयक आदेशानं, मोडला. मुंबई इलाख्यात १८५५ मध्ये शिक्षण खातं आलं, त्यामागोमाग शाळातपासनीस आले. लोकांच्या तोंडी ते झाले डिपोटी. रत्नागिरीत शिक्षक असलेले गंगाधरपंत टिळक, म्हणजे लोकमान्यांचे वडील, १८६६ मध्ये याच तपासणीच्या शाखेत बढती मिळून पुण्याला गेले. डिपोटी येणार म्हटलं की शाळा सारवायची, पोरांना अंघोळी घालून आणायचं, पाढे पुन्हा पुन्हा घोटून घ्यायचे. साहेब जाताना शेरेपुस्तकात दोन-चार ओळी लिहून जात आणि मास्तरांची अब्रू त्या ओळींवर ठरे.

त्याच सुमारास इंग्लंडातून एक कल्पना आली: निकालाप्रमाणे अनुदान. १८६२ मध्ये तिकडे ती लागू झाली आणि लवकरच मुंबई इलाख्यातल्या अनुदानित शाळांनाही. तपासनिसानं मुलाला वाचायला, लिहायला, गणित करायला सांगायचं. आलं तर शाळेला पैसे, नाही आलं तर नाही. कागदावर हे फार न्यायाचं दिसतं. प्रत्यक्षात अनुदान हुकण्याची धास्ती संस्थेनं मास्तरांवर ढकलली आणि मास्तरांच्या हातात पोराचा तळवा सोडून दुसरं काही नव्हतं. शिक्षणाची पाहणी करायला नेमलेल्या १८८२ च्या हंटर आयोगापुढे या पद्धतीवर बरीच चर्चा झाली, पण ती सुटायला विसावं शतक उजाडावं लागलं. घोकंपट्टी आणि छडीची जोडी कोकणातल्या शाळांत पक्की झाली ती या काळात, असं माझं मत आहे. पंतोजींचा फोक त्यांच्या स्वभावावर अवलंबून असे. खात्याच्या छडीमागं वरून येणारा दाब होता.

अनुदान हे हत्यार दुसऱ्या दिशेनंही चालवता येतं, हे कळायला दापोलीची गोष्ट सांगायला हवी. दापोली ही लष्करातून निवृत्त झालेल्यांची वस्ती, त्यात महार पेन्शनर बरेच. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी आपल्या मुलांना नगरपालिकेच्या शाळेत घ्या म्हणून अर्ज केले. सरकारी पैशावर चालणारी शाळा, त्यामुळे नाही म्हणायला कायद्याचा आधार नव्हता. पण गावातल्या वरिष्ठ जातींचा विरोध होता. तोड निघाली ती अशी, की या मुलांनी वर्गात न येता पडवीत बसायचं. वर्ग आत, ही मुलं बाहेर, आणि मास्तरांचा आवाज जेवढा पडवीपर्यंत पोहोचेल तेवढं शिक्षण. काहीही चूक न करता रोज मिळणारी ही शिक्षा होती, आणि ती देणाऱ्याला विचारणारं कुणी नव्हतं. सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर काही काळ याच दापोलीत राहिले. पुढे साताऱ्याच्या शाळेत त्यांच्या मुलाला, भीमरावांना, वेगळं गोणपाटावर बसावं लागलं.

४ ऑगस्ट १९२३ ला सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव मंजूर करून घेतला, की सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. महाडचं चवदार तळं आणि १९२७ चा सत्याग्रह यामुळे हा ठराव आपल्याला पाण्याचा म्हणून आठवतो. त्यात शाळाही होत्या, हे सहसा कुणी सांगत नाही. तीन वर्षं बहुतेक ठिकाणी ठराव कागदावरच राहिला. मग १९२६ मध्ये बोल्यांनी दुसरा ठराव आणला: ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्ड तो पाळणार नाहीत त्यांचं सरकारी अनुदान थांबवा. दंड प्रथमच पोराला किंवा मास्तराला न लावता कारभाऱ्यांना लावायची भाषा झाली. रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांनीही त्या वर्षांत शाळांमध्ये सगळ्या जातींची मुलं सरमिसळ बसवावीत म्हणून पाठपुरावा चालवला होता. पडव्या काही एका रात्रीत रिकाम्या झाल्या नाहीत. पण हिशेब नेमका कुणाकडे मागायचा, हे बोल्यांना बरोबर कळलं होतं.

स्वातंत्र्यानंतरचा भाग थोडक्यात सांगतो, कारण तो बराचसा नियमावल्यांचा आहे. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या, १९६४ मध्ये त्यांच्या कर्मचाऱ्यांसाठी शिस्त व अपील नियम आले. कोकणातल्या कित्येक हायस्कुलांचा कारभार गावच्या मुंबईकर मंडळींच्या हाती. गणपतीला गावी आलेल्या कमिटीच्या बैठकीत एखाद्या शिक्षकाची नोकरी जाणं अशक्य नव्हतं. १९७७ च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्यानं ते थांबवलं. चौकशीशिवाय काढता येत नाही, दाद मागायला शाळा न्यायाधिकरण. शिक्षकाला संरक्षण मिळालं आणि ते मिळायलाच हवं होतं. जिल्हा परिषदेतली खरी शिक्षा मात्र कोणत्याच नियमावलीत नव्हती. ती म्हणजे बदली. एसटी जिथं वळते तिथून पुढं तासभर चढण असलेल्या वाडीवर नेमणूक झाली, की कशाबद्दल झाली हे सांगावं लागत नसे. आणि त्या वाडीतल्या पोरांना कायम शिक्षा भोगायला आलेलाच मास्तर मिळायचा, त्याचं काय?

कॉलेजांचा कायदा एका बाबतीत शाळांच्या पुढं आहे. १९९९ चा महाराष्ट्राचा रॅगिंगबंदी कायदा दोषी विद्यार्थ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड सांगतो, शिवाय पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश नाही. पुढची तरतूद जास्त महत्त्वाची. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखानं सात दिवसांत चौकशी करायची. टाळाटाळ केली तर त्यानं गुन्ह्याला साथ दिली असं धरलं जाईल. प्राचार्यांच्या खुर्चीपर्यंत पोहोचणारं असं कलम आपल्याकडे विरळाच. विद्यापीठ पातळीवर २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या ऑनलाइन पेपर तपासणीचा घोळ झाला, निकाल महिनोन्‌महिने रखडले. रत्नागिरी, सिंधुदुर्गातली कॉलेजंही त्याच विद्यापीठाची. ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. एवढ्या वरच्या माणसाला किंमत मोजावी लागल्याचं दुसरं उदाहरण मला पटकन आठवत नाही.

कॉपीच्या बाबतीत कोकणची मान ताठ असते. परीक्षेतल्या गैरप्रकारांचा राज्याचा कायदा १९८२ चा आहे. रत्नागिरीला २०१२ पासून स्वतंत्र कोकण विभागीय मंडळ झालं, तेव्हापासून दहावी-बारावीच्या निकालात कोकण अव्वल. शिक्षासूची मात्र इथंही वाचून दाखवली जाते आणि भरारी पथकं इथंही फिरतात. त्या सूचीत कॉपी करणाऱ्या पोराचं काय होईल ते तपशिलानं लिहिलेलं असतं. २०२५ च्या परीक्षेला, जिथं आधी गैरप्रकार झाले होते त्या केंद्रांवर पर्यवेक्षक बाहेरच्या शाळेतले नेमायचं मंडळानं ठरवलं. म्हणजे दोष फक्त पोराचा नसतो, हे एकदाचं मान्य झालं.

ऑक्टोबर २०११ ची पटपडताळणी, म्हणजे शाळाशाळांत जाऊन केलेली मुलांची मोजणी, अजून अनेकांना आठवत असेल. एकच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून मतदारासारखी पोरांच्या बोटांना शाई लावली होती. राज्यभरात लाखो विद्यार्थी नुसते हजेरीपटावर असल्याचं उघड झालं. त्या खोट्या पटावर अनुदान उचलणाऱ्यांवर गुन्हे नोंदवण्याचा विषय मात्र पुढे वर्षानुवर्षं न्यायालयात रेंगाळला. शाई पोरांच्या बोटाला लागली ती लागलीच.

कोकणातली अडचण आता उलटी आहे. पट फुगवायला पोरंच नाहीत, आणि जिथं आहेत तिथं मास्तर नाहीत. 'शून्य शिक्षकी शाळा' हा शब्द इथल्या वर्तमानपत्रांना नेहमीचा झालाय. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २६ प्रमाणे कोणत्याही सरकारी किंवा अनुदानित शाळेत मंजूर पदांच्या १० टक्क्यांहून जास्त जागा रिकाम्या ठेवता येत नाहीत. दोन शिक्षकी वाडीशाळेत एक जागा रिकामी म्हणजे थेट निम्मी. कलम १७ मोडलं तर शिक्षकावर सेवानियमांप्रमाणे कारवाई होते. मान्यतेशिवाय शाळा चालवली तर एक लाखापर्यंत दंड आणि पुढे दिवसाला दहा हजार. कलम २६ मोडणाऱ्याचं काय करायचं, याबद्दल कायद्यात एकही ओळ नाही.