क्लायंट म्हणतो, "फी क्रिप्टोत देतो" – घ्यायची का?

नाशिकच्या आमच्या करसल्ला कार्यालयातर्फे: डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट, इंटिरिअरवाले, डिझायनर आणि घरी बसून परदेशातली कामं करणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

हा प्रश्न आता वरचेवर विचारला जातो. कुणाला क्लायंटच गळ घालतो, तर कुणाच्या दवाखान्यात किंवा ऑफिसात एखादा उत्साही तरुण येऊन सांगतो की काउंटरवर क्यूआर कोडचं स्टिकर लावा, जगभर लोक घेतात, तुम्हीच मागे का? यातले बरेच जण मनापासून बोलतात आणि तंत्राबद्दल ते जे सांगतात ते बहुतेक खरंही असतं. फक्त तुमचं रिटर्न ते भरत नाहीत, आम्ही भरतो. म्हणून आमचं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. देशातल्या क्लायंटकडून क्रिप्टोत फी घेता येते, पण बिल रुपयांत करायचं आणि मिळालेल्या क्रिप्टोचे त्याच दिवशी रुपये करायचे. परदेशातल्या क्लायंटकडून घेऊ नका. आयकराच्या कलमांचे क्रमांक नव्या कायद्यात बदलले आहेत, म्हणून इथे क्रमांक न देता नियम काय आहे तेवढंच सांगतो.

कायद्याने चालतं का?

बंदी नाही. बँकांनी क्रिप्टोच्या व्यवहारांना सेवा देऊ नये, असं परिपत्रक रिझर्व्ह बँकेने 6 एप्रिल 2018 रोजी काढलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ते 4 मार्च 2020 रोजी रद्द केलं. पण बंदी नाही म्हणजे ते चलन झालं, असंही नाही. बिटकॉइन किंवा यूएसडीटी (डॉलरच्या भावाशी बांधलेली क्रिप्टो) दिली म्हणून ती घ्यायलाच हवी, असं बंधन तुमच्यावर नाही. तुम्ही रुपयेच मागू शकता आणि तो तुमचा हक्क आहे. काही जण रिझर्व्ह बँकेच्या ई-रुपयाची गल्लत क्रिप्टोशी करतात. ई-रुपया हा आपलाच रुपया, फक्त मोबाइलमधल्या पाकिटात. तो बिनधास्त घ्या, पुढचे क्रिप्टोचे नियम त्याला लागू नाहीत.

"परदेशात तर सरकारसुद्धा घेतं"

हे उदाहरण हमखास दिलं जातं आणि ते खरं आहे. स्वित्झर्लंडमधल्या झुग शहराच्या कार्यालयाने 2016 पासून 200 फ्रँकपर्यंतचं शुल्क बिटकॉइनमध्ये घ्यायला सुरुवात केली. 2021 पासून झुग कँटनचा (म्हणजे प्रांताचा) करही बिटकॉइन किंवा इथर या दुसऱ्या क्रिप्टोमध्ये भरता येऊ लागला, सुरुवातीला 1 लाख फ्रँकपर्यंत. मात्र यातला पुढचा भाग कुणी सांगत नाही. मधली कंपनी क्रिप्टो घेते, लगेच विकते आणि कँटनच्या खात्यात फ्रँक जमा करते. भावाच्या चढउताराची जोखीम सरकार घेत नाही. एल साल्वादोरने सप्टेंबर 2021 मध्ये बिटकॉइनला अधिकृत चलनच केलं, दुकानदारांवर ते घेण्याची सक्ती केली आणि जानेवारी 2025 मध्ये कायदा बदलून ती सक्ती काढून टाकली.

दुसरा मुद्दा असतो कार्डाच्या चार्जेसचा. जिथे दर व्यवहारामागे दुकानदाराला दोन-तीन टक्के सोडावे लागतात, तिथे तो बिनतोड आहे. आपल्याकडे जानेवारी 2020 पासून यूपीआयवर व्यापाऱ्याला शुल्कच नाही आणि पैसे त्याच क्षणी खात्यात येतात. देशातल्या क्लायंटच्या बाबतीत क्रिप्टो आपली कुठली अडचण सोडवते, हे आम्हाला अजून कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.

कराचं गणित

नाशिकचं उदाहरण घेऊ. एखाद्या द्राक्षबागायतदाराने वकिलाला फीऐवजी द्राक्षाच्या पेट्या दिल्या, तर दोन गोष्टी घडतात. पेट्या हाती आल्या त्या दिवशीच्या बाजारभावाने वकिलाला फी मिळाली, तिच्यावर कर. पुढे त्या पेट्या विकून जे कमी-जास्त होईल, तो वेगळा हिशेब. क्रिप्टोचं नेमकं असंच आहे. फरक इतकाच की या दुसऱ्या हिशेबाला आपल्या कायद्याने फार कडक नियम लावले आहेत.

समजा, एका आर्किटेक्टची बंगल्याच्या नकाशाची फी ₹60,000 आहे. बिटकॉइनचा भाव सोयीसाठी ₹80 लाख धरू. म्हणजे क्लायंट 0.0075 बिटकॉइन पाठवेल. ज्या दिवशी ते आर्किटेक्टच्या वॉलेटमध्ये (क्रिप्टो ठेवायच्या डिजिटल पाकिटात) आलं, त्या दिवशी ₹60,000 व्यावसायिक उत्पन्न झालं. ते नेहमीच्या स्लॅबप्रमाणे करपात्र. निम्मी जमा नफा म्हणून दाखवायच्या अंदाजित योजनेत तुम्ही असाल, तर ही रक्कमही त्या जमेत मोजायची. अॅडव्हान्स टॅक्सच्या हप्त्यातही ती येते आणि हप्ता भरायचा तो रुपयांतच.

आता आर्किटेक्टने ते बिटकॉइन तसंच ठेवलं. तीन महिन्यांनी त्याचे ₹75,000 झाले आणि त्याने विकलं. ₹15,000 नफ्यावर सरसकट 30 टक्के, म्हणजे ₹4,500, वर 4 टक्के उपकर ₹180. एकूण ₹4,680. तुमचा स्लॅब 5 टक्क्यांचा असला तरी इथे 30 टक्केच. खरेदी किमतीशिवाय कसलाही खर्च वजा होत नाही, एक्सचेंजचं, म्हणजे क्रिप्टो विकून देणाऱ्या ऑनलाइन बाजाराचं कमिशनसुद्धा नाही.

उलटं झालं तर जास्त झळ बसते. समजा, त्याचे ₹45,000 झाले. ₹15,000 बुडाले. हा तोटा फीच्या उत्पन्नातून वजा होत नाही, दुसऱ्या क्रिप्टोच्या नफ्यातून वजा होत नाही, पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. हातात ₹45,000 आणि कर मात्र पूर्ण ₹60,000 फीवर. 2022 पासून नियम असाच आहे. त्याच दिवशी रुपये करा, असं आम्ही जे पुन्हा पुन्हा सांगतो ते यासाठी. तुम्हाला क्रिप्टोत गुंतवणूक करायचीच असेल तर तो निर्णय स्वतंत्रपणे घ्या. क्लायंटने फी त्यात दिली म्हणून नकळत गुंतवणूकदार होऊ नका.

टीडीएसमध्ये तर बहुतेकांचा गोंधळ होतो. क्रिप्टो देणारा क्लायंट कायद्याच्या नजरेत ती विकत असतो आणि तुम्ही सेवेच्या मोबदल्यात ती विकत घेत असता. क्रिप्टोवरचा 1 टक्का टीडीएस बघायची जबाबदारी विकत घेणाऱ्याची. म्हणजे फी तुमची आणि टीडीएसची काळजीही तुमचीच! गेल्या वर्षीची व्यावसायिक जमा ₹50 लाखांच्या आत असेल तर वर्षाला ₹50,000 पर्यंत ही भानगड नाही, इतरांना ही मर्यादा ₹10,000. वरच्या उदाहरणात ₹60,000 म्हणजे मर्यादा ओलांडली. मोबदला पैशांत नसल्यामुळे कापायला काही हातात नाही, म्हणून क्लायंटने ₹600 कर भरल्याचं चलन (पावती) तुमच्याकडे हवं. काम हातावेगळं करण्याआधी ते मागून घ्या, नंतर कोणी देत नाही. पुढे तुम्ही एक्सचेंजवर विकाल तेव्हा तुमचाही 1 टक्का कापला जाईल. तो मात्र रिटर्नमध्ये वळता करून घेता येतो.

क्लायंट "यात माझा कर वाचतो" म्हणत असेल, तर त्याला एवढंच सांगा की फी म्हणून क्रिप्टो देणं हीदेखील त्याच्यासाठी विक्रीच आहे. त्याला नफा झाला असेल तर 30 टक्के त्यालाही लागतात.

जीएसटीचं सोपं आहे. नोंदणी असेल तर ₹60,000 वर 18 टक्के म्हणजे ₹10,800 लागणारच आणि सरकार ते रुपयांत घेतं. निदान ही रक्कम तरी क्लायंटकडून बँकेतून रुपयांत घ्या.

परदेशातला क्लायंट: इथे आमचं उत्तर स्पष्ट "नाही"

क्रिप्टोचा मोह सर्वात जास्त इथे होतो आणि त्याला कारणही आहे. अमेरिकेतला किंवा दुबईतला क्लायंट बँकेतून पैसे पाठवतो तेव्हा मधल्या बँकेचे चार्जेस जातात, डॉलरचा भाव बाजारापेक्षा कमी मिळतो, कधी दोन-चार दिवस जातात. यूएसडीटी काही मिनिटांत येते. वेबसाइट, अॅनिमेशन, भाषांतर अशी कामं करणाऱ्या आमच्या तरुण ग्राहकांना हे आकर्षक वाटतं, यात त्यांची चूक नाही.

पण सेवेची निर्यात म्हणून जीएसटी शून्य व्हायला एक अट आहे. पैसा परिवर्तनीय परकीय चलनात यायला हवा, किंवा रिझर्व्ह बँकेची परवानगी असेल तिथे रुपयांत. यूएसडीटी डॉलरच्या भावाने चालते, पण ती डॉलर नाही. ती घेतलीत की अट मोडली आणि ₹1,50,000 च्या कामावर ₹27,000 जीएसटी तुमच्या खिशातून जायची वेळ येते. उलाढाल ₹20 लाखांच्या आत असून नोंदणीच नसेल तर हा बोजा नाही. तरी परकीय चलनाचा कायदा उरतोच. निर्यातीचा पैसा अधिकृत बँकेतून यायला हवा आणि त्या बँकेचा जमा झाल्याचा दाखला तुमच्याकडे हवा. उद्या घरासाठी कर्ज काढायला गेलात तर बँकही तोच दाखला मागू शकते.

यूएसडीटीचे रुपये करताना अनेक जण अनोळखी माणसाला थेट विकतात, कारण भाव दोन पैसे जास्त मिळतो. यात काय होतं ते नीट समजून घ्या. समोरच्याने तुमच्या खात्यात टाकलेले पैसे कुणाची तरी ऑनलाइन फसवणूक करून आलेले असू शकतात. ज्याची फसवणूक झाली तो 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करतो. पैशांचा माग काढत पोलीस तुमच्या खात्यापर्यंत येतात. एक दिवस किराणा दुकानात यूपीआय चालत नाही, शाखेत विचारल्यावर कळतं की परराज्यातल्या सायबर पोलिसांच्या पत्रावरून खात्यावर लीन लागलं आहे, म्हणजे रक्कम अडवून ठेवली आहे. तुम्ही प्रामाणिकपणे काम करून मिळवलेली फी असते, पण ते सिद्ध करायला कागद नसतात. मुलांच्या शाळेची फी आणि घराचा हप्ताही त्याच खात्यातून जात असतो. हे अजिबात अंगावर घेऊ नका.

देशातल्या क्लायंटकडून घ्यायचीच असेल तर

सगळ्यात सोपं म्हणजे क्लायंटलाच सांगा की तुमची क्रिप्टो तुम्ही विका आणि मला रुपये पाठवा. निम्म्याहून जास्त प्रकरणं इथेच मिटतात. तो तयार नसेल आणि क्लायंट गमवायचा नसेल, तर वित्त मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी असलेल्या एक्सचेंजवर, स्वतःच्या पॅनवर खातं उघडा. मार्च 2023 पासून ही नोंदणी एक्सचेंजना सक्तीची आहे. बायकोच्या किंवा कंपाउंडरच्या नावावरचं खातं अजिबात वापरू नका.

बिलावर असं लिहा: "देय रक्कम ₹60,000. क्लायंटच्या विनंतीवरून सदर रक्कम दि. ____ रोजी ____ वाजता, 1 बिटकॉइन = ₹____ या दराने 0.____ बिटकॉइन स्वरूपात स्वीकारली. परतावा द्यावा लागल्यास तो रुपयांतच दिला जाईल." शेवटची ओळ गाळू नका. काम रद्द झालं आणि तोवर भाव दुप्पट झाला, तर क्लायंट "माझं बिटकॉइनच परत द्या" म्हणू शकतो.

पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट हा पुरावा नाही, तो दोन मिनिटांत बनवता येतो. व्यवहाराचा हॅश (त्याचा ओळख क्रमांक) मागा आणि ब्लॉकचेन एक्सप्लोररवर, म्हणजे क्रिप्टोचे व्यवहार दाखवणाऱ्या वेबसाइटवर, स्वतः तपासा. बिटकॉइनमध्ये साधारण दर दहा मिनिटांनी एक ब्लॉक (व्यवहारांच्या नोंदींचा गठ्ठा) होतो. मोठी रक्कम असेल तर सहा ब्लॉक, म्हणजे तासभर थांबा. यूएसडीटी असेल तर कोणत्या नेटवर्कवर पाठवायची ते आधी ठरवा, ट्रॉन की इथेरियम. नेटवर्क चुकलं तर रक्कम बहुधा परत येत नाही. आधी शंभर-दोनशे रुपयांची पाठवून बघायला लावणं केव्हाही चांगलं. बँकेसारखं तक्रार करून व्यवहार उलटवणं इथे नाही.

मग विका आणि रुपये बँकेत घ्या. एक्सचेंजवर पडून राहू देऊ नका. 18 जुलै 2024 रोजी वझीरएक्स या भारतीय एक्सचेंजवर सायबर हल्ला झाला आणि सुमारे 23 कोटी डॉलर्सची क्रिप्टो गेली. त्यानंतर तिथल्या ग्राहकांचे पैसे वर्षाहून अधिक काळ अडकले होते.

ज्यांनी आधीच घेतली आहे

आमच्याशी मोकळेपणाने बोला. एक्सचेंजवर विकलेल्या क्रिप्टोची माहिती टीडीएसमधून तुमच्या पॅनवर आयकर विभागाकडे गेलेली असते. रिटर्नमध्येही त्यासाठी वेगळं परिशिष्ट आहे. दाखवायचं राहून गेलं असेल तर जादा कर भरून अद्ययावत, म्हणजे अपडेटेड रिटर्न भरता येतं. आता त्यासाठी संबंधित कर-निर्धारण वर्ष संपल्यापासून 48 महिने मिळतात. उशीर होईल तसा जादा कर 25 टक्क्यांपासून 70 टक्क्यांपर्यंत चढत जातो आणि त्या वर्षाची तपासणी सुरू झाली की ही वाट बहुधा बंद होते.

येताना एक्सचेंजचं वर्षभराचं स्टेटमेंट, क्लायंटशी झालेला व्हॉट्सअॅप किंवा ई-मेलवरचा पत्रव्यवहार, त्या कामाचं बिल आणि बँकेचा उतारा आणा. भाव कोणता धरायचा ते आम्ही तारखेवरून काढू. वॉलेटचे बारा किंवा चोवीस गुप्त शब्द (वॉलेटची किल्लीच) मात्र आणू नका आणि आम्हालाही सांगू नका. आमच्या कार्यालयातून कुणी ते मागितल्याचा फोन आला, तर तो फोन आमचा नाही असं समजा आणि लगेच आम्हाला कळवा.