गरीब कुटुंबांना सरकारी मदत: चारशे वर्षं जुना वाद

गरीब घरांना सरकारनं पैसे द्यायचे म्हटलं की "फुकट दिलं की लोक आळशी होतात" हे कोणीतरी म्हणतंच, जणू हा आजकालचाच प्रॉब्लेम आहे. इंग्लंडमध्ये १६०१ सालीच कायदा होता की प्रत्येक पॅरिशनं (म्हणजे एका चर्चखालच्या स्थानिक भागानं) टॅक्स गोळा करून आपापले गरीब सांभाळायचे, आणि भांडण तेव्हापासूनचं आहे.

१७९५ ला धान्य भयंकर महागलं तेव्हा बर्कशायरमधल्या स्पीनहॅमलंडला मॅजिस्ट्रेट लोकांनी बसून सरळ हिशोबच लावला, की ठराविक वजनाचा मोठा पाव १ शिलिंगला असेल तर कामकरी माणसाला आठवड्याला ३ शिलिंग मिळालेच पाहिजेत, बायको आणि प्रत्येक मुलामागे दीड शिलिंग वेगळे, मजुरीत तेवढं भागत नसेल तर उरलेलं पॅरिशनं भरायचं आणि पाव महागला की मदत पण वाढवायची. मला तर हे आजही शहाणपणाचं वाटतं. पण लोक यावर तुटून पडले, म्हणे मालक मजुरी कमी देणार आणि गरीब जास्त मुलं जन्माला घालणार.

मग १८३४ चा कायदा आला. मदत पाहिजे तर वर्कहाऊसमध्ये, म्हणजे गरिबांना ठेवून काम करून घेणाऱ्या घरात, राहायला या, आणि तिथले हाल बाहेरच्या सगळ्यात गरीब मजुरापेक्षा वाईटच ठेवायचे, म्हणजे कोणी उगाच येणार नाही. नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, मुलं तिसरीकडे. अँडोव्हर गावच्या वर्कहाऊसमध्ये खतासाठी हाडं कुटायचं काम होतं आणि १८४५ मध्ये बाहेर आलं की भुकेली माणसं त्याच हाडांतला मगज खात होती. आळशीपणाच्या भीतीवर धोरण बेतलं की ते कुठवर जातं ते इथं दिसतं, आणि त्यात लहान मुलांचा काय दोष होता?

एलिनॉर रॅथबोन या ब्रिटिश खासदार बाईंनी वादाची दिशाच बदलली. मुलांच्या खर्चाचा काही वाटा समाजानं उचलावा आणि पैसा आईच्या हातात द्यावा, यासाठी त्या अनेक वर्षं भांडल्या. त्यासाठीचं १९४५ चं बिल आलं तेव्हा त्यात पैसे बापाला द्यायचं लिहिलेलं, ते त्यांनी बदलायला लावलं. पहिलं मूल सोडून प्रत्येक मुलामागे आठवड्याला ५ शिलिंग, श्रीमंत असो वा गरीब. वाटप ऑगस्ट १९४६ ला सुरू झालं पण रॅथबोनबाई त्याच वर्षी जानेवारीत वारल्या होत्या.

पुढे १९९६ मध्ये अमेरिकेनं गरीब कुटुंबांच्या मदतीला कामाची अट आणि पाच वर्षांची मर्यादा घातली, मेक्सिकोनं १९९७ ला आईला पैसे दिले पण मुलांची शाळेतली हजेरी आणि दवाखान्यातली तपासणी बघून. अट घालायची का, हाच आता मुख्य मुद्दा झालाय.

२०२१ मध्ये अमेरिकेनं कमाईची अट काढून सहा महिने मुलामागे दरमहा ३०० डॉलरपर्यंत दिले, त्या वर्षी मुलांमधली गरिबी ५.२ टक्क्यांवर आली. काम न करणाऱ्यांना पैसे कशाला, यावरून योजना पुढे वाढवलीच नाही आणि २०२२ ला तो आकडा १२.४ टक्के झाला.