वाचवलेल्या घोड्याचा मालक कोण?

उपासमारीतून सोडवलेला घोडा जनावरं वाचवणाऱ्या संस्थेच्या तबेल्यात उतरतो, तेव्हा त्याच्या बरगड्या लांबूनही मोजता येतात. आयाळीच्या जटा झालेल्या असतात आणि खूर इतके वाढलेले, की पुढून जुन्या जोड्यासारखे वर वळलेले दिसतात. दोन वर्षांनी दत्तक घरच्या कुरणातला त्याचा फोटो शेजारी ठेवला, तर हे दोन वेगळे घोडे वाटावेत. अशा जोडफोटोंवर लोक भाळतात, मीही भाळतो. पण त्या दोन फोटोंच्या मध्ये एक करारपत्र असतं, ते कुठल्याच फोटोत येत नाही. जनावर त्या घरी राहणार हे ठरलं, पण ते कुणाच्या मालकीचं? या प्रश्नाचं धड उत्तर मिळायला शंभराहून जास्त वर्षं लागली.

सुरुवात कायद्याने झाली. १८२२ साली रिचर्ड मार्टिन या खासदाराच्या खटपटीमुळे ब्रिटिश संसदेने घोड्यांना आणि गुराढोरांना निर्दयपणे मारणं हा गुन्हा ठरवला. दोन वर्षांनी, १८२४ मध्ये, लंडनमध्ये प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्धची पहिली मोठी संस्था उभी राहिली. हेन्री बर्ग यांनी १८६६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तशीच संस्था काढली. तिने पुढच्याच वर्षी जखमी घोड्यांसाठी रुग्णवाहिका सुरू केली. मार्टिन यांच्या कायद्याचा सारा भर मात्र शिक्षेवर होता. मालकाने दंड भरायचा आणि मार खाल्लेलं जनावर त्याच हातांत परत जायचं.

घोड्याला विसावा हवा, हा विचार त्यानंतरचा. १८७७ मध्ये ॲना स्युएल यांची ‘ब्लॅक ब्यूटी’ आली आणि बग्गीच्या घोड्याचं आयुष्य घराघरात वाचलं गेलं. त्या पुस्तकाने हेलावलेल्या ॲन लिंडो यांनी १८८६ मध्ये लंडनजवळ थकलेल्या घोड्यांसाठी विश्रांतिगृह काढलं. त्यातली एक शक्कल मला फार आवडते. गरीब गाडीवानाचा घोडा तिथे विश्रांतीला राही आणि तोवर पोट चालावं म्हणून त्याला दुसरा घोडा उसना मिळे. गाडीवानाला खलनायक न ठरवता त्याची अडचण ओळखणारी माणसं त्या काळात फारशी नव्हती.

मधल्या काळात ‘वाचवणं’ या शब्दाचा अर्थ मात्र बराच कठोर होता. १९११ मध्ये एडा कोल यांनी अँटवर्पच्या धक्क्यावर बोटीतून उतरवलेले ब्रिटनचे म्हातारे, लंगडणारे घोडे पाहिले. आयुष्यभर राबून ते कत्तलीसाठी निघाले होते. कोल यांनी १९२७ मध्ये या निर्यातीविरुद्ध संघटना काढली. तीच आज ‘वर्ल्ड हॉर्स वेल्फेअर’ या नावाने ओळखली जाते. डोरोथी ब्रुक १९३० मध्ये कैरोला पोचल्या, तेव्हा त्यांना पहिल्या महायुद्धातले ब्रिटिश सैन्याचे घोडे दिसले. युद्ध संपल्यावर सैन्याने ते तिथेच विकून टाकले होते आणि ते अजून गाड्या ओढत होते. १९३१ मध्ये त्यांनी ‘मॉर्निंग पोस्ट’ला पत्र लिहिलं, वाचकांनी पैसे पाठवले आणि तीनेक वर्षांत सुमारे ५,००० घोडे विकत घेतले गेले. पण बहुतेकांची हाडं इतकी झिजली होती, की थोडे दिवस मऊ गवताचं अंथरूण आणि पोटभर चंदी देऊन त्यांना शांतपणे मरण द्यावं लागलं.

घराचा पर्याय पुढे आला तो ट्रॅक्टर आणि मोटारीमुळे. घोडं कामाला हवं होतं तोवर ते पाळणारा त्याच्याकडून काम घेणारच. दुसऱ्या महायुद्धानंतर नांगर आणि गाडी ओढायचं घोड्याचं काम संपलं आणि निव्वळ हौसेने घोडा ठेवणारी कुटुंबं वाढली. संस्थांचे तबेले भरून वाहत होते, या कुटुंबांकडे कुरण होतं. ब्रिटनमधल्या संस्थांनी यावर शोधलेला तोडगा साधा होता. घोडा द्यायचा, मालकी द्यायची नाही. दत्तक घेणारा सांभाळ करतो, वैरण, नालबंद आणि डॉक्टरचा खर्च उचलतो, पण घोडा विकता येत नाही. संस्थेचा माणूस अधूनमधून येऊन दात, खूर, कुंपण पाहून जातो. एलिझाबेथ स्वेंडसन यांनी १९६९ मध्ये गाढवांसाठी काढलेली ‘डाँकी सँक्चुअरी’ तर गाढवं जोडीनेच देते. जोडीदार गेला की गाढव खाणंपिणं टाकतं, कधीकधी त्यातच मरतं.

मालकी देऊन टाकली तर काय होतं, हे अमेरिकेने पाहिलं. १९५० मध्ये नेव्हाडात व्हेल्मा जॉन्स्टन कामावर निघाल्या होत्या. पुढच्या ट्रकमधून रक्त ठिबकत होतं. माग काढत गेल्यावर कळलं, की आत कत्तलखान्याकडे चाललेले रानघोडे कोंबले होते. त्यांनी उभारलेल्या चळवळीत शाळकरी मुलांनी खासदारांना ढिगाने पत्रं लिहिली. १९५९ मध्ये मोटारी आणि विमानांनी रानघोड्यांचा पाठलाग करण्यावर बंदी आली आणि १९७१ मध्ये संरक्षणाचा कायदा झाला. संरक्षण मिळाल्यावर कळप वाढले, कुरणं पुरेनात, म्हणून सरकारने घोडे पकडून दत्तक द्यायला सुरुवात केली. १९७८ च्या दुरुस्तीनुसार वर्षभर नीट सांभाळल्यावर मालकीचा कागद मिळू लागला. १९८४ ते १९८८ या काळात शुल्क माफ करून घोडे घाऊक दिले गेले आणि त्यांतले हजारो मालकीचा कागद हाती पडताच कत्तलखान्याकडे गेल्याचा ठपका नंतर आला. एकेका माणसाच्या हाती शंभरेक घोडे निघाले, तर त्याला दत्तक म्हणायचं तरी कसं?

शर्यतीच्या घोड्यांची कथा थोडक्यात सांगतो. १९८६ ची केंटकी डर्बी ही अमेरिकेतली नामांकित शर्यत जिंकणारा फर्डिनंड पुढे पैदाशीसाठी जपानला विकला गेला आणि २००२ मध्ये तिथे कत्तलीत संपला. बातमी फुटल्यावर नामांकित तबेल्यांनाही लाज वाटली. निवृत्त घोड्यांसाठीचं काम त्याआधीच, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, अमेरिकेत सुरू झालं होतं. न्यूयॉर्क राज्यातल्या वॉलकिल तुरुंगाच्या जमिनीवर कैदीच अशा घोड्यांना खरारा करत, दाणापाणी बघत. चार-पाच वर्षांचा निवृत्त घोडा पुढे वीस वर्षं सहज जगतो आणि नव्याने शिकला, तर घरच्या मुलांना पाठीवरही घेतो.

गाय, डुक्कर, मेंढी, कोंबडी यांच्यापर्यंत हा विचार पोचायला फार उशीर झाला. खाण्यासाठी वाढवलेल्या जनावराला ‘निवृत्ती’ कसली, असंच सगळे धरून चालले होते. १९६४ मध्ये रूथ हॅरिसन यांनी कारखानी पशुपालनावर पुस्तक लिहिलं, तेव्हा पिंजऱ्यातल्या कोंबडीची चर्चा सुरू झाली. पण घराची वाट उघडली ती हिल्डामुळे. १९८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर पशुबाजारामागे मेलेल्या जनावरांच्या ढिगावर एक मेंढी पडली होती. पाहणी करायला आलेले लोक जवळ गेले तर तिने मान हलवली. डॉक्टरकडे नेताच ती उठून उभी राहिली. ती हिल्डा. ‘फार्म सँक्चुअरी’ या अमेरिकन संस्थेने वाचवलेलं ते पहिलं जनावर, आणि ते आणखी दहाएक वर्षं जगलं. ब्रिटनमध्ये २००५ पासून एक संस्था अंडी देऊन ‘संपलेल्या’ दीड वर्षाच्या कोंबड्या पोल्ट्रीकडून घेऊन घरोघरी देते. पिसं झडलेली कोंबडी पहिल्यांदा मातीवर उतरली, की आधी घुटमळते, मग पायाने उकरते, आणि थोड्या दिवसांत धूळ अंगावर घेत लोळू लागते. हे तिला कुणी शिकवलेलं नसतं.

घरी जाण्याआधीचा टप्पा सगळ्यात नाजूक. खंगलेल्या घोड्याला दयेपोटी बादलीभर चंदी घातली तर तो मरू शकतो. एकदम मिळालेल्या पिष्टाने इन्सुलिन उसळतं, रक्तातलं फॉस्फरस आणि मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं आणि दहा दिवसांच्या आत हृदय दगा देतं. म्हणून लसूणघासाच्या लहान पेंढ्या दर काही तासांनी, मोजून. वजन भरतंय की नाही हे टेक्सासमधल्या डॉन हेनेके यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या १ ते ९ च्या मापाने पाहतात. मान, खांदा, बरगड्या, शेपटीची मुळी हाताने चाचपून गुण द्यायचे. हेच गुण न्यायालयात क्रूरतेचा पुरावा म्हणूनही चालतात. दत्तक दिलेल्या घोड्याच्या करारात त्यामुळे किमान गुण लिहिता येतो आणि तपासणीला आलेला माणूस ‘बरा दिसतोय’ एवढ्यावर परत जात नाही.

घोडा तीस वर्षं जगू शकतो, दत्तक घेणाऱ्याचं आयुष्य तेवढं स्थिर राहतंच असं नाही. नोकरी जाते, गुडघे कुरकुरतात, जमीन विकावी लागते. मालकी संस्थेकडे असली की अशा वेळी घोडा बाजारात जात नाही. तो पुन्हा त्याच फाटकातून आत येतो, तपासला जातो आणि पुढच्या घराची वाट बघत कुरणात सोडला जातो. काही घोडे अशी तीन-तीन घरं बघून म्हातारे झाले आहेत.