जुनी पिकअप विजेवर करायची आहे? आधी कागद, मग पाना

आंब्याचा हंगाम संपला की कोकणात कितीतरी जुन्या पिकअप अंगणात ताडपत्रीखाली उभ्या राहतात. इंजिन धूर ओकतं, पण चेसिस धड असते. मग कुणीतरी सुचवतं, मोटर आणू, बॅटऱ्या आणू, वाडीत वेल्डर आहे, वायरमन आहे, घरीच करू. गाडी चालेलसुद्धा. पण ती अंगणातच चालेल.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार इंजिन काढून विजेची मोटर बसवता येते. अट एवढीच की मोटर-बॅटरीचं किट मान्यताप्राप्त हवं आणि ते किट कंपनीने नेमलेल्या अधिकृत फिटरनेच बसवायला हवं. नियमाबाहेर बदल केला तर कलम १८२अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. शिवाय अपघात झालाच तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी.

गाडी १ जानेवारी १९९० रोजी किंवा त्यानंतर बनलेली हवी आणि तिच्यावर धोकादायक माल वाहण्याचं परमिट नको. या दोन गोष्टी बहुतेकांच्या पदरी असतात. घोडं अडतं ते पुढे.

किटची मान्यता सरसकट नसते. पुण्याच्या एआरएआयसारखी चाचणी संस्था एआयएस-१२३ या मानकाच्या तिसऱ्या भागानुसार किट तपासते आणि ते कोणत्या गाड्यांना चालेल हे प्रमाणपत्रात लिहिलेलं असतं. म्हणून विक्रेता 'आमचं किट अप्रूव्हड आहे' म्हणाला की प्रमाणपत्राची प्रत मागा. त्यात तुमच्या गाडीचं मॉडेल सापडतं का ते बघा, मान्यतेची मुदत बघा. मॉडेल नसेल तर किट कितीही चांगलं असो, आरटीओत त्याचा उपयोग शून्य. ही प्रत हातात येईपर्यंत ॲडव्हान्स देऊ नका, मग विक्रेता ओळखीचा का असेना.

त्याच वेळी दोन प्रश्न विचारून घ्या. बॅटरी आणि मोटरला आयपी६७, म्हणजे धूळ-पाणी आत न शिरण्याचं, संरक्षण आहे का? जुलैत साकवावरून पाणी जातं तेव्हा हे कळून उपयोग नाही. आणि किट बसल्यावर रिकाम्या गाडीचं वजन किती होईल? गाडीची मालासकट एकूण वजनमर्यादा तीच राहिली आणि रिकामं वजन वाढलं, तर तेवढ्या आंब्याच्या पेट्या कमी भराव्या लागतील.

कागद असे लागतात: मूळ आरसी, चालू विमा, फिटनेस प्रमाणपत्र, भरलेल्या कराची पावती, मालकाचा ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, किटच्या मान्यतेची प्रत, अधिकृत फिटरचं प्रमाणपत्र आणि किटचं बिल. बिलावर मोटरचा क्रमांक हवाच, कारण आरसीवर तो चढणार असतो. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आधी घ्या. ई-चलान थकलं असेल तर तेही भरून टाका, नाहीतर अर्ज तिथेच अडकतो.

अर्ज 'परिवहन' पोर्टलवर, वाहनात बदल या सेवेखाली भरायचा आणि गाडी जिथे नोंदलेली त्या कार्यालयात तपासणीला न्यायची: रायगडात पेण (एमएच-०६) किंवा पनवेल (एमएच-४६), रत्नागिरीला एमएच-०८, सिंधुदुर्गात एमएच-०७. माझं मत विचाराल तर काम सुरू करण्यापूर्वीच मंजुरी घ्या. मंजुरीशिवाय बदल झालाच असेल तर तो १४ दिवसांच्या आत आरसी आणि फीसह कळवावा लागतो. मोटार वाहन निरीक्षक चेसिस क्रमांक, मोटर आणि वायरिंग पाहतात. मग आरसीवर इंधनाच्या जागी विजेची नोंद होते.

पाटी बदलते: मालवाहू गाडीला हिरव्यावर पिवळी अक्षरं, खासगीला हिरव्यावर पांढरी. पीयूसी लागत नाही. विजेवरच्या मालवाहू गाड्यांना परमिटची अट २०१८ पासून नाही. विमा कंपनीला बदल लेखी कळवा आणि थर्ड पार्टी हप्त्यात विजेच्या गाड्यांसाठी असलेली १५ टक्के सूट मागा.

घरी करण्यासारखं काम उरतं ते चार्जिंगचं. चार्जर घरच्या जोडणीवर चालतो, पण मंजूर भार पुरत नसेल तर महावितरणकडे भारवाढीचा अर्ज द्या. आणि अर्थिंग तपासून घ्या. जांभ्याच्या कातळावर ते मे महिन्यात सुकून नावापुरतंच उरतं.