जखम भरते, तोंडाची चव काही येत नाही

स्कूटरवरून घसरून गुडघा सोलवटला किंवा पायात खिळा घुसला की पुढचं सगळं ठरलेलं असतं, ड्रेसिंग, धनुर्वाताचं इंजेक्शन आणि पाच दिवसांच्या गोळ्या. ठणका दोन-तीन दिवसांत कमी होतो, इंजेक्शनने दुखणारा दंडही विसरायला होतो, पण गोळ्या संपत नाहीत. त्यात मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक असेल तर विचारायलाच नको, चहा पण लोखंडी पातेल्यात उकळल्यासारखा लागतो. मग माणसं तिसऱ्या दिवशी परस्पर गोळ्या बंद करतात. हे आजचं नाही, औषध पोटात जावं म्हणून चवीशी झगडा फार जुना आहे.

आपल्याकडे अर्धा झगडा बोंडल्याने, म्हणजे तान्ह्या पोरांना पाजायच्या चोचीच्या भांड्याने व्हायचा. पोराला मांडीवर आडवं घ्यायचं, एकीने हातपाय धरायचे, दुसरीने बोंडल्याची चोच ओठाच्या कोपऱ्यातून आत सारायची, एरंडेल घशाखाली उतरलं की लगेच गुळाचा खडा. नाक दाबलं की तोंड उघडतं ही म्हण तिथे अक्षरशः वापरात होती. आणि नाक दाबण्यात थोडं शास्त्रही आहे बरं का, एरंडेलाचा निम्मा त्रास वासाचा, तो कमी होतो. पण किराइताच्या काढ्याला याचा काही उपयोग नाही, कारण कडूपणा नाकाला नाही, जिभेलाच कळतो. माणसाकडे कडू ओळखणारे साधारण २५ प्रकारचे रिसेप्टर आहेत, गोडासाठी इतका थाटमाट नाही. झाडपाल्यातली बरीच विषं कडू असतात, त्यामुळे कडू लागलं की थुंकून टाक हा शरीराचा हुकूम आहे आणि औषध देणारा नेमका त्याच्या विरुद्ध सांगत असतो.

आयुर्वेदाने याला अनुपानाची वाट काढली. औषध मधातून, तुपातून, ताकातून द्यायचं, अर्थात अनुपान फक्त चवीसाठी नसतं, पण चवीचं कामही त्यात होऊन जातं. सितोपलादी चूर्णाचंच बघा, ग्रंथातल्या कृतीतल्या ३१ भागांपैकी १६ भाग खडीसाखर! आणि वर ते मधात चाटवायचं, मग पोरं डबी शोधून खातात यात नवल काय. रोममध्ये पण हेच चालायचं, दोन हजार वर्षांपूर्वीचा कवी ल्युक्रेशियस लिहितो की मुलांना दवण्याच्या जातीतलं एक कडू औषध देताना वैद्य पेल्याच्या कडेला मध लावतात.

पण कडू कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं तरी कडू ते कडूच, त्यामुळे खरी उडी पडली ती औषध जिभेला लागूच द्यायचं नाही या कल्पनेने. १८३४ साली पॅरिसमध्ये मोथ नावाच्या फार्मसीच्या विद्यार्थ्याने जिलेटिनच्या कॅप्सूलचं पेटंट घेतलं. त्याची पद्धत वाचून मजा वाटते, चामड्याची चिमुकली पिशवी पाऱ्याने भरून फुगवायची, पातळ जिलेटिनमध्ये बुडवायची, थर सुकला की पारा ओतून टाकायचा, पिशवी चिपटी होऊन बाहेर येते आणि पोकळ कॅप्सूल उरते. त्यात औषध भरून वर जिलेटिनच्याच थेंबाने तोंड बंद. दोन टोपणांची कॅप्सूल आली १८४६मध्ये, तीही पॅरिसमध्येच. जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यातून येतं, म्हणून आपल्याकडे काही घरांत अजून कॅप्सूल उघडून पावडर मधात कालवतात, म्हणजे ज्या कडूपणापासून वाचवायला एवढा खटाटोप केला तोच पुन्हा जिभेवर!

मुका मार, मुरगळलेला पाय यांच्यासाठीचं एक नावाजलेलं औषधसुद्धा या भानगडीतून आलंय. विलो झाडाची साल कडूजहर, पण दुखण्यावर चालते हे जुनं ज्ञान. पुढे त्यातल्या द्रव्यावरून सॅलिसिलिक ॲसिडची औषधं आली, ती पोटाला जाळायची आणि चवीला भयंकर. १८९७ साली जर्मनीत बायर कंपनीत फेलिक्स हॉफमनने ॲस्पिरिन शुद्ध स्वरूपात बनवलं, आणि गोष्ट अशी सांगतात की त्याच्या वडिलांना संधिवात होता, त्यांना ते जुनं औषध घशाखाली उतरायचं नाही म्हणून पोराने हे केलं. गोष्ट गोड आहे, पण त्याच कंपनीतल्या आयशेनग्रूनने १९४९ साली छापून सांगितलं की काम माझ्या सांगण्यावरून झालं होतं. तो ज्यू, नाझी काळात त्याचं नाव कोण घेणार, त्यामुळे मला तरी ती वडिलांची गोष्ट जरा जपूनच घ्यावीशी वाटते.

गोड करण्याच्या नादात माणसं मेलीही आहेत. जखमेच्या संसर्गावर सल्फा औषधं नवी होती तेव्हा अमेरिकेतल्या टेनेसीच्या एका कंपनीने १९३७ साली पातळ औषध काढलं, रासबेरीच्या स्वादाचं, विरघळवायला वापरलं डायएथिलीन ग्लायकॉल. हे चवीला गोड आणि मूत्रपिंडाला घातक. शंभरावर लोक गेले, त्यात बरीच मुलं, आणि त्यानंतर १९३८चा कायदा आला की औषध विकण्याआधी ते सुरक्षित आहे हे दाखवा. आपण यातून काय शिकलो? १९८६ साली मुंबईत जे.जे. हॉस्पिटलमध्ये ग्लिसरॉलमध्ये हेच रसायन मिसळलेलं निघालं, १४ रुग्ण गेले, न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला. २०२२मध्ये भारतात बनलेल्या सिरपमुळे गांबियात मुलं गेली, तिथेही हेच नाव. स्वस्तात मिळतं आणि ग्लिसरीनसारखंच गोडसर, दाट असतं, म्हणून भेसळ जिभेला कळत नाही, प्रयोगशाळेतच तपासावी लागते, आणि तीच तपासणी टाळली जाते.

वरून लावायच्या औषधाची तऱ्हा वेगळी. टिंक्चर आयोडीन झोंबतं कारण ते अल्कोहोलमध्ये असतं, आणि आपल्याकडे एक पक्का समज, झोंबलं म्हणजे लागू पडलं. शाळेच्या पेटीतलं लाल औषध, मर्क्युरोक्रोम, झोंबायचं नाही म्हणून मुलांचं लाडकं, पण त्यात पारा, आणि १९९८मध्ये अमेरिकेने त्याला सुरक्षित व परिणामकारक औषधांच्या यादीत बसवायला नकार दिला. आता जे तपकिरी पोव्हिडोन आयोडीन लावतात ते त्या मानाने बरंच सौम्य, ते आलं १९५०च्या दशकात.

त्याच दशकात रसायनशास्त्रज्ञांनी अजून एक युक्ती केली, कडू रेणूला दुसरा रेणू जोडून तो थुंकीत विरघळणारच नाही असा करायचा. क्लोरॅम्फेनिकॉल हे कडू अँटिबायोटिक असं केलं तर मुलांच्या सिरपमध्ये चालून गेलं, आतड्यात गेल्यावर जोड सुटतो आणि औषध मोकळं होतं. मेट्रोनिडाझोलच्या मुलांच्या पातळ औषधातही हीच युक्ती असते.

मोठ्यांच्या गोळीला वरून कोटिंग असतं, तरी तोंड लोखंडी होतंच, कारण रक्तात गेलेलं औषध लाळेतून परत तोंडात येतं. तिथे कुठलंही कोटिंग हरलं. थोडा लिंबू, आल्याचा तुकडा, पुदिना यांनी बरं वाटतं, कोर्स संपला की चव आपोआप परत येते. गोळी गिळताना आधी घोट पाणी घेऊन तोंड ओलं करायचं, कॅप्सूल पाण्यावर तरंगते म्हणून मान मागे न टाकता हनुवटी जरा खाली घ्यायची. पोटात न विरघळता आतड्यात विरघळावी म्हणून कोटिंग केलेली गोळी मात्र चुरायची नाही, चुरायची असेल तर केमिस्टला विचारून. आणि डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक असेल तर आजीचं दुधाचं अनुपान विसरा, दुधातलं कॅल्शियम औषधाला धरून ठेवतं, भरपूर साध्या पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडवे होऊ नका.